मनगटाविना फिरणारे घड्याळ

ज्या घड्याळाचा सारा लौकिक ‘याला चावी द्यावी लागत नाही’ या एकाच गोष्टीवर उभा राहिला, त्याच घड्याळाला चावी मिळत राहावी म्हणून विजेवर चालणारे दुसरे यंत्र विकत आणावे, ते कपाटात मांडावे आणि त्यात ते घड्याळ रात्रंदिवस फिरवीत ठेवावे, ही कल्पना प्रथमदर्शनी विनोदी वाटते. परंतु घड्याळांच्या मोठ्या दुकानांतून आज काचेच्या झाकणाच्या ज्या देखण्या पेट्या मांडलेल्या दिसतात, आणि ज्यांच्या आत मखमली उशीला बांधलेली घड्याळे संथपणे गिरक्या घेत असतात, त्यांचे प्रयोजन नेमके हेच आहे. वाइंडर या नावाने विकली जाणारी ही पेटी काही हजार रुपयांपासून काही लाखांपर्यंत हव्या त्या किमतीला मिळते, आणि दुकानदार तिची शिफारस अशा गांभीर्याने करतो की, ती न घेणाऱ्याला आपण आपल्या घड्याळाची आबाळ करीत आहोत असे वाटू लागावे. या शिफारशीत तथ्य किती आणि व्यापार किती, याचा निर्णय करायचा तर पेटी बाजूस ठेवून आधी घड्याळाचे पोट उघडून पाहिले पाहिजे.

हातावरच्या यांत्रिक घड्याळाला गती देणारी शक्ती म्हणजे एका लहानशा गोल डबीत गुंडाळून बसवलेली लांब, पातळ धातूची पट्टी, जिला मुख्य कमान असे म्हणता येईल. ती उलगडत जाते तसतशी चक्रांची मालिका फिरते, आणि तोलचक्र ज्या ठेक्याने मागेपुढे हलते त्या ठेक्याने काटे पुढे सरकतात. साध्या घड्याळात ही कमान रोज बोटांनी चावी फिरवून आवळावी लागते. स्वयंचलित घड्याळात, ज्याला आपल्याकडे सर्रास ऑटोमॅटिक म्हणतात, हे काम यंत्राच्या पाठीवर बसवलेल्या एका अर्धवर्तुळाकार जड तुकड्याकडे, म्हणजे रोटरकडे, सोपवलेले असते. मनगट हलले की गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने हा तुकडा खालची बाजू शोधीत फिरतो, त्याचे ते फिरणे दातेरी चक्रांतून मंद होत होत कमानीपर्यंत पोहोचते, आणि बोलताना हातवारे करताना, भाजी चिरताना, बसच्या दांडीला धरून उभे असताना होणाऱ्या सगळ्या बिनहिशेबी हालचालींतून दिवसाची तरतूद परस्पर होऊन जाते.

या युक्तीचे जनकत्व कोणाकडे जाते, हा वाद अद्याप मिटलेला नाही. स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल या गावचा कारागीर अब्राहम-लुई पेरले याचे नाव सामान्यतः घेतले जाते; जिनिव्हाच्या कलामंडळापुढे १७७७ साली आलेल्या वृत्तान्तात, त्याचे घड्याळ खिशात घालून पंधरा मिनिटे चालले की ते आठ दिवस पुरते, असे नमूद आहे. दुसरा पक्ष लिएज शहरच्या ह्यूबेर सार्तों याचा. त्याच्या घड्याळासंबंधीचा जो दस्तऐवज १७७८ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे दाखल झाला, त्यातील रचना आजच्या रोटरशी अधिक जुळते असे या पक्षाचे म्हणणे. फिर्यादी आणि प्रतिवादी दोघेही कधीच कालवश झाले असल्याने हा मामला आता इतिहासकारांच्या दरबारी पडून आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, ती सारी घड्याळे खिशातली होती, आणि माणूस चालू लागल्याखेरीज त्याचा खिसा फारसा हलत नाही. त्यामुळे ही हुशार कल्पना पुढे जवळजवळ दीड शतक श्रीमंतांचे कौतुक म्हणूनच जगली.

पहिल्या महायुद्धाने घड्याळ खिशातून मनगटावर आणले, आणि त्याच युद्धातून परतलेल्या जॉन हारवुड या इंग्रज कारागिराने या जुन्या कल्पनेला नवा अर्थ दिला. घड्याळे बिघडतात ती बहुतांशी चावीच्या भोकातून आत शिरणाऱ्या धुळीमुळे आणि दमटपणामुळे, हे त्याने दुरुस्तीच्या कामात पाहिले होते. तेव्हा चावीच नाहीशी केली तर धुळीची वाटच बंद होईल, असा त्याचा सरळ हिशेब होता. १९२४ साली त्याला स्वित्झर्लंडमध्ये पेटंट मिळाले, फोर्टिस या कंपनीने ती घड्याळे बनवून १९२६ साली बाझेलच्या प्रदर्शनात मांडली. त्या घड्याळाला बाहेरून चावी नव्हतीच. काटे लावायचे ते काचेभोवतीचे कडे फिरवून. आतला जड तुकडा पुरे वर्तुळ न फिरता दोन टोकांच्या स्प्रिंगांवर आदळत मागेपुढे होई, आणि भरलेली शक्ती बारा तासांच्या आसपास पुरे. हारवुडची कंपनी १९३१ साली मंदीत बुडाली, आणि योगायोग असा की, त्याच वर्षी रोलेक्सने पूर्ण वर्तुळात फिरणाऱ्या रोटरचे घड्याळ बाजारात आणले, ज्याचा वारसा आजच्या बहुतेक सर्व स्वयंचलित घड्याळांत दिसतो. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, स्वयंचलित घड्याळ जन्मले ते रोज एकाच मनगटावर राहणाऱ्या वस्तूच्या रूपात. एका माणसाकडे अशी चार घड्याळे असतील आणि त्यांतली तीन नेहमी रिकामी पडतील, ही शक्यता हारवुडच्या स्वप्नातही नसावी. पेटीचा प्रश्न उद्भवला आहे तो यंत्राच्या उणिवेतून नव्हे, मालकाच्या सुबत्तेतून.

आता वाइंडरविरुद्ध जो आक्षेप सर्वांत अधिक ऐकू येतो, त्याचा निकाल आधी लावून टाकू. सतत फिरवीत ठेवल्याने कमान अति आवळली जाऊन तुटेल, असे अनेकांना वाटते. हा आक्षेप निराधार आहे. साध्या घड्याळात कमानीचे बाहेरचे टोक डबीच्या भिंतीत पक्के अडकवलेले असते, म्हणून चावी पुरी भरली की बोटांना अडथळा लागतो. स्वयंचलित घड्याळात ते टोक अडकवलेले नसून, एका ताठ जोडपट्टीच्या दाबाने भिंतीला टेकून राहिलेले असते. कमान पूर्ण भरल्यावर आणखी ताण आला की ते टोक भिंतीवरून थोडे घसरते आणि जास्तीची शक्ती सोडून देते. पातेक फिलिप या पेढीचा भागीदार आद्रियँ फिलिप याने अशा घसरत्या कमानीचे पेटंट १८६३ सालीच घेऊन ठेवले होते, रोटरचे घड्याळ मनगटावर येण्याच्या कितीतरी आधी. ही सोय नसती तर दिवसभर राबणाऱ्या सुताराच्या हातावरचे ऑटोमॅटिक घड्याळ दुपारपर्यंतच जाम झाले असते.

परंतु घसरण्याची सोय आहे याचा अर्थ घसरण फुकट होते असा नाही. डबीच्या भिंतीला या कामासाठी खास घट्ट वंगण लावलेले असते. कमानीचे टोक त्याच्यावर अतिसुलभतेने घसरू लागले तर घड्याळ पुरते भरतच नाही, आणि वंगण झिजून धातूवर धातू घासू लागला तर त्याची भुकटी डबीत साचते. मनगटावरचे घड्याळ रात्री उशाशी उतरून ठेवले जाते, तेव्हा कमान थोडी उलगडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरते. पेटीतले घड्याळ मात्र सदैव काठोकाठ भरलेले, आणि पेटीच्या फेऱ्या गरजेहून अधिक ठेवल्या असतील तर सदैव घसरत असलेले. यामुळे घड्याळ लगेच बिघडते असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की, जी झीज कोणाच्या उपयोगी पडत नाही ती आपण होऊन का करून घ्यावी?

हीच गोष्ट उरलेल्या सगळ्या यंत्राला लागू पडते, आणि येथे आकडे बोलके आहेत. आजच्या पुष्कळ स्विस घड्याळांचा ठेका तासाला २८,८०० ठोक्यांचा असतो. म्हणजे दिवसाला ६,९१,२०० ठोके आणि वर्षाला पंचवीस कोटींहून अधिक. प्रत्येक ठोक्याला सुटका-चक्राचा एक दात एका माणकाच्या खड्यावर आपटून घसरतो, आणि केसाहूनही बारीक टोके असलेले आस तेलाच्या एका सूक्ष्म थेंबात फिरतात. ते तेल कालांतराने आटते, पसरते, मळते. म्हणूनच घड्याळ ठराविक मुदतीने उघडून, धुऊन, नवे तेल घालून घ्यावे लागते. ओमेगा ही मुदत पाच ते आठ वर्षांची सांगते, रोलेक्स दहा वर्षांच्या आसपासची. चांगल्या घड्याळाच्या या कामाचा खर्च अधिकृत केंद्रात सहज पाच आकड्यांत जातो. ज्याच्याकडे पाच घड्याळे आहेत आणि जो पाचही पेटीत फिरती ठेवतो, त्याने हातावर एकच वेळ बाळगून पाचांची झीज पत्करलेली असते.

यावर दुकानदाराचा ठरलेला जबाब असा की, उभी ठेवलेली मोटार जशी खराब होते, तसे थांबलेल्या घड्याळातले तेल गोठते, आणि म्हणून ते चालते ठेवणेच हिताचे. या म्हणण्याला एके काळी आधार होता. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्याही पूर्वार्धात घड्याळाचे उत्तम तेल प्राण्यांपासून मिळे. अमेरिकेतील न्यू बेडफर्डच्या विल्यम नाय याची पेढी शिशुक आणि तत्सम सागरी प्राण्यांच्या जबड्यातील चरबीपासून काढलेल्या तेलासाठी जगभर प्रसिद्ध होती. असले सेंद्रिय तेल काळाबरोबर घट्ट आणि आंबट होई, आणि जुन्या घड्याळजींचा घड्याळ चालते ठेवण्याचा आग्रह त्या अनुभवातून आलेला होता. आजची तेले प्रयोगशाळेत तयार होतात. ती वर्षानुवर्षे टिकतात, आणि त्यांचे वय होते ते घड्याळ चालत असो वा थांबलेले असो. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा घड्याळ भरून एक-दोन दिवस हातात घातले तरी जुन्या उपदेशाचा जेवढा अंश आज खरा उरला आहे तेवढ्याचे पालन होते. त्यासाठी भिंतीतून वीज घेण्याची गरज नाही.

मग सोयीचे काय? शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता उतरून ठेवलेले घड्याळ सोमवारी सकाळी कचेरीत जाताना बंद सापडावे, ही तक्रार खरी आहे. ईटीए या स्विस कारखान्याचे २८२४ हे यंत्र, जे असंख्य कंपन्यांच्या घड्याळांत बसलेले आहे, एकदा पूर्ण भरले की सुमारे ३८ तास चालते. म्हणजे वरील उदाहरणात ते रविवारी सकाळी आठच्या सुमारास थांबणार. पण याच कारखान्याने पुढे त्या यंत्राचा ठेका तासाला २१,६०० वर आणून, कमान बदलून, त्याला ८० तासांची पुंजी मिळवून दिली, आणि तिसो कंपनीच्या पॉवरमॅटिक ८० या घड्याळांत ते आज सहज मिळते. ते सोमवारची सकाळ सोडाच, सोमवारची मध्यरात्र उलटल्यावरही चालू असते. रोलेक्सनेही आपल्या ४८ तासांच्या यंत्राच्या जागी सुमारे ७० तासांचे यंत्र आणले. कारखानदार स्वतःच पेटीची गरज अशी वर्षागणिक कमी करीत आहेत, ही गोष्ट पेटी विकणारे सांगत नाहीत, आणि ते स्वाभाविकच आहे.

एका वर्गाला मात्र वाइंडरची खरीखुरी गरज असते, आणि तो वर्ग म्हणजे शाश्वत पंचांग दाखवणाऱ्या घड्याळांच्या मालकांचा. अशा घड्याळात महिना तीस दिवसांचा की एकतीस, फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा की एकोणतीस, याची सारी स्मृती एका लहानशा चकतीच्या कडेवर कोरलेल्या खाचांत साठवलेली असते. ४८ महिन्यांच्या खोल-उथळ खाचा असलेली ती चकती चार वर्षांतून एक फेरी पुरी करते, आणि एक पोलादी बोट त्या खाचांवरून सरकत महिन्याची लांबी वाचते. पातेक फिलिपने १९६२ साली ३४४८ या क्रमांकाचे मनगटी घड्याळ काढून हे पंचांग आणि स्वयंचलित यंत्र यांचा संयोग प्रथम नियमित उत्पादनात आणला. १९८५ साली आयडब्ल्यूसी कंपनीच्या कुर्ट क्लाउस याने दा विंची या घड्याळात वार, तारीख, महिना, वर्ष आणि चंद्रकला ही सगळी एकाच चावीने पुढे सरकतील अशी योजना केली. घड्याळ चालत राहिले तर २१०० सालापर्यंत तारखेला हात लावावा लागत नाही, कारण ते वर्ष चाराने भाग जाणारे असूनही ग्रेगरियन नियमानुसार लीप वर्ष नाही, आणि एवढी सूक्ष्म बाब त्या चकतीच्या आवाक्याबाहेरची आहे.

आता असे घड्याळ तीन महिने बंद पडले तर काय होते, ते पाहा. कुर्ट क्लाउसच्या योजनेत मालकाने चावीने एकेक दिवस पुढे ढकलीत नव्वद दिवस मोजायचे, आणि भरात येऊन आजच्या पलीकडे गेला तर मागे येण्याची सोयच नाही. मग उद्या-परवा उजाडेपर्यंत घड्याळ थांबवून बसणे किंवा ते कारखान्याकडे रवाना करणे, एवढेच हातात राहते. जुन्या पद्धतीच्या घड्याळांत तारीख, वार, महिना आणि चंद्रकला यांच्या निरनिराळ्या दट्ट्या कडेच्या खळग्यांत लपवलेल्या असतात. त्या बारीक काडीने, ठराविक क्रमाने आणि मध्यरात्रीच्या आसपासची वेळ टाळून दाबाव्या लागतात, नाहीतर आतले दात मोडण्याचा धोका असतो. चंद्रकलेचा हिशेब तर वेगळाच आहे: सामान्य घड्याळात ती ५९ दातांच्या चक्रावर चालते, म्हणजे चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा धरते, आणि अखंड चालूनही अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळात एक दिवस चुकते; घड्याळ बंद पडले की आधी पंचांग उघडून पौर्णिमा शोधणे आले. या गृहस्थांनी पेटी अवश्य घ्यावी. घड्याळाच्या किमतीपुढे तिची किंमत नगण्य आहे, आणि पंचांगाच्या जुळवाजुळवीत होणारी एक चूक वाइंडरवरील दहा वर्षांच्या झिजेहून महाग पडू शकते.

पेटी घ्यायचीच ठरले, तर दोन गोष्टींचा तपशील विचारून घ्यावा. एक, दिवसाकाठी फेऱ्या किती आणि कोणत्या दिशेने, हे ठरवता येते की नाही. बहुतेक यंत्रांना दिवसाला साडेसहाशे ते साडेनऊशे फेऱ्या पुरतात. काही यंत्रांचा रोटर दोन्ही दिशांनी कमान भरतो, तर काहींचा, उदाहरणार्थ क्रोनोग्राफ घड्याळांत सर्वत्र आढळणाऱ्या ईटीए ७७५० चा किंवा मियोता ८२१५ चा, एकाच दिशेने भरतो आणि उलट दिशेने नुसता मोकळा फिरतो. चुकीच्या दिशेने आठवडाभर फिरवलेले घड्याळ शेवटी बंदच सापडते, आणि मालक दोष घड्याळाला देतो. चांगली पेटी थोडे फिरवते, बराच वेळ विश्रांती देते, आणि कमीत कमी फेऱ्यांवर घड्याळ चालू ठेवता येईल अशी सवड देते. दुसरी गोष्ट मोटरीच्या चुंबकत्वाची. स्वस्त पेटीत मोटर उघडी असेल तर घड्याळाची केशकमान, म्हणजे तोलचक्राची बारीक स्प्रिंग, चुंबकित होऊन तिचे वेढे एकमेकांस चिकटतात आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटे पुढे धावू लागते. सिलिकॉनच्या केशकमानी असलेल्या नव्या घड्याळांना हे भय नाही.

ज्यांच्याकडे दोन-तीन साधी ऑटोमॅटिक घड्याळे आहेत, आणि वाचकांपैकी बहुसंख्य याच वर्गातले असतील, त्यांनी घड्याळ खुशाल थांबू द्यावे. थांबलेल्या यांत्रिक घड्याळाला काहीही होत नाही. पुन्हा घालण्याच्या दिवशी चावीला पंधरा-वीस वळसे द्यावेत. पूर्ण भरण्याची आवश्यकता नाही, कारण वर उल्लेखिलेल्या २८२४ सारख्या यंत्रांत हाताने वारंवार पुरी चावी भरणे काही चक्रांना सोसत नाही, आणि पुढचे काम मनगट करतेच. पाण्यात चालणाऱ्या घड्याळांची चावी आट्यांनी बसवलेली असते, ती पुन्हा पुन्हा उघडल्याने आटे आणि रबरी कडी झिजतात, हा पेटीवाल्यांचा मुद्दा खरा आहे. पण ती कडी सर्व्हिसिंगच्या वेळी अल्प खर्चात बदलता येते, चक्रे नाही. आपल्याकडे घरोघरी असलेल्या सेको ५ च्या ७एस२६ या यंत्राला हाताने चावी देण्याची सोयच नाही. ते तबकडी वर करून आडवे धरावे आणि अर्धा-एक मिनिट हळुवार झुलवावे, म्हणजे चालू लागते. तारीख लावताना काटे आधी साडेसहावर आणावेत, कारण रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारखेची चक्रे एकमेकांत गुंतलेली असतात आणि त्या वेळी केलेली घाई दात मोडते; मग आदल्या दिवशीची तारीख लावून काटे पुढे फिरवीत मध्यरात्र ओलांडावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा घोटाळा राहत नाही.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने घड्याळाला थांबण्यापेक्षा दमटपणाचे भय अधिक असते, आणि त्यावर कोणतीही फिरती पेटी इलाज करीत नाही. चामडी पट्टा काढून वेगळा ठेवावा, कारण बुरशी आधी त्याच्यावर येते. घड्याळ घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवावे, आणि पुडी ओलावली की बदलावी. लोखंडी कपाटात, कापराच्या किंवा डांबराच्या गोळ्यांशेजारी घड्याळ ठेवण्याची आपल्याकडील जुनी चाल सोडून द्यावी.

शेवटी एका विशेष प्रसंगाविषयी, कारण अशा वेळी पेटी घेण्याचा मोह सर्वांत जास्त होतो. आजोबांच्या ट्रंकेत एचएमटीचे ‘कंचन’ किंवा ‘रजत’ सापडते. १९६१ पासून बंगळूरच्या ज्या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने देशाला घड्याळे पुरवली, त्या कारखान्याची ही ऑटोमॅटिक घड्याळे आज त्यांच्या मालकांच्या नातवांना फार प्रिय झाली आहेत. हलवले की ते चालते, म्हणून त्याला मानाने फिरत्या पेटीत बसवावेसे वाटते. पंचवीस-तीस वर्षांत त्याला तेल मिळालेले नसते. आत उरलेला चिकट मळ घासणीच्या मिश्रणासारखा वागतो, आणि दर ठोक्यागणिक आसांची टोके खात जातो. असे घड्याळ चालू ठेवणे म्हणजेच त्याला इजा करणे होय. ते तसेच बंद ठेवून चांगल्या घड्याळजीकडे न्यावे, उघडून धुऊन घ्यावे, नवी कमान मिळाली तर बसवून घ्यावी. आणि काम झाल्यावर त्या घड्याळजीने ते आपल्या दुकानातील फिरत्या यंत्रावर दोन दिवस लावून ठेवले, तर त्याबद्दल तक्रार करू नये, कारण रोटर कमान पुरती भरतो की नाही हे तपासण्याचा त्याच्याकडे तोच एक रास्त उपाय आहे.